सातवी चौकट

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

दुधनीला उतरले तेव्हा साडेनऊ वाजले होते आणि फलाटावर उभं राहून मला शीळ घालावीशी वाटली. घातली नाही. नातेपुत्याहून काल निघाले, मुक्काम कुर्डुवाडीला मावसबहिणीकडे, पहाटेची गाडी. सात वर्षं तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवलं. दर जूनला नव्यानं अर्ज. आता पहिल्यांदा कोणीतरी मला खडू-फळ्याशिवाय बोलावलंय. झाडं मोजायला. दोन महिने, उघड्यावर, एकटीनं. आई म्हणाली, खाणीत कसली झाडं मोजणार. म्हटलं, तेच तर बघायचंय.

न्यायला चनबसप्पा आले होते. खाणीचे राखणदार, साठीच्या आसपास, पांढरी टोपी, बोलण्यात आधी कानडी आणि मग मराठी. मोटारसायकलवर माझी ट्रंक आडवी बांधली आणि अकरा किलोमीटरवर खाणीच्या गावी, कल्लवाडीला आणलं. उतरल्यावर म्हणाले की पाणी पिंपात आहे, भाकरी त्यांच्या घरून येईल, आणि फोनची रेंज फक्त रस्त्यावरच्या चढावर मिळते.

राहायला खाणीच्या काठावर पत्र्याच्या दोन खोल्या. पुढं पायरी, पायरीशेजारी कडुनिंब. पायरीवर बसलं की सगळी खाण दिसते. काळ्या दगडाची, पायऱ्यापायऱ्यांची, साठेक फूट खोल. सहा वर्षांपूर्वी बंद झाली. दक्षिणेच्या कोपऱ्यात फोडलेल्या दगडांचा एक मोठा ढिगारा आहे. बाकी सगळं स्वच्छ, झाडून घेतल्यासारखं.

काम सोपं आहे. खाण चालवणाऱ्या कंपनीला दाखवायचंय की जमीन पुन्हा जिवंत झाली. तसा दाखला मिळाला की तिथं सौरऊर्जेची पॅनेलं बसतील. सोलापुरातल्या ज्या सल्लागारानं मला नेमलं ते इंद्रजीत सर म्हणाले, दिपाली, जे दिसेल ते लिही.

बरं वाटलं ते ऐकून.

बुधवार, ५ फेब्रुवारी

बारा चौकटी आखल्या. प्रत्येक मीटरभर लांब, मीटरभर रुंद. चार खिळे आणि सुतळी. हातमोजे आणि बूट घालूनच, कारण फुटका दगड चाकूसारखा कापतो. दर आठवड्याला प्रत्येक चौकटीत काय उगवलं ते मोजायचं.

वर्गात मी हा धडा फार आवडीनं शिकवायचे. उघडा खडक असतो. त्यावर आधी दगडफूल येतं. आईच्या काळ्या मसाल्यात पडतं त्याचंच भावंड. ते दगड खातं, अगदी हळू, वर्षाला मिलिमीटरभर पसरतं. मरतं तेव्हा चिमूटभर माती मागं ठेवतं. त्या मातीत शेवाळ येतं. शेवाळ मरून गवत. गवतानंतर तरवड, बोराटी. शेवटी हिवर, बाभूळ, निंब. प्रत्येकजण पुढच्यासाठी जागा करतो आणि त्याच जागेतून स्वतः नाहीसा होतो. मुलांना मी सांगायचे की यात कोणी कोणाचा द्वेष करत नाही, कोणी कोणावर उपकारही करत नाही.

खाणीत सगळं पुस्तकाप्रमाणे आहे. उभ्या कड्यांवर दगडफुलाचे राखी ठिपके. जिथं मुरूम साचलाय तिथं कुसळी आणि थोडा तरवड.

फक्त सातवी चौकट वेगळी. ती ढिगाऱ्यावर आहे आणि तिथं काहीच नाही. सहा वर्षांत एक ठिपकाही नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

सातव्या चौकटीत दगडफूल. रुपयाच्या नाण्याएवढी अकरा वर्तुळं.

बुधवारी मी नीट पाहिलं नसणार. एवढं पसरायला पंधरा-वीस वर्षं लागतात. स्वतःचाच राग आला. नोंदवहीत ५ तारखेच्या रकान्यात शून्य लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात, दोनदा अधोरेखित.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

वर्तुळं तळहाताएवढी झाली. काही एकमेकांना भिडली. फोटो काढले, शेजारी पट्टी ठेवून. मधल्या भागात दगडफूल मरून काळं पडलंय आणि त्यावर हिरवं शेवाळ. फेब्रुवारीचं ऊन, पाण्याचा थेंब नाही, दगडाला हात लावला तर मोज्यातून चटका बसतो. आणि शेवाळ ओलं.

चढावर जाऊन इंद्रजीत सरांना फोन केला. वाटलं, हसतील. ते खूश झाले. फोटो पाठव म्हणाले. मी म्हटलं, सर, असं होत नाही. ते म्हणाले, होतंय ना.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

ढिगाऱ्यावर गवत. शेवाळ पिवळं पडलं आणि त्यातून कुसळीची पाती वर आली. चार दिवसांत.

सरांनी चनबसप्पांच्या हाती एक छापील नमुना पाठवला. महिन्याचा अहवाल म्हणे. बहुतेक रकाने आधीच भरलेले. शेवटची ओळ होती: सदर खाणक्षेत्रात कोणतीही जीवितहानी झालेली नाही. झाडांच्या अहवालात ही ओळ कशाला, असं फोनवर विचारलं. ते म्हणाले की सगळ्याच नमुन्यांत असते, फार प्रश्न विचारू नकोस, सही कर.

केली. चढावर दगडावर बसून, स्वतःच्या मांडीवर कागद ठेवून सही केली आणि फोटो पाठवला.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आज कड्याच्या वरून पाहिलं म्हणून कळलं. खाली उभं राहून दिसत नाही.

गवत सगळ्या ढिगाऱ्यावर नाही. तीन पट्टे आहेत. प्रत्येक साडेपाच-सहा फूट लांब, दोन फूट रुंद. दोन समांतर, तिसरा थोडा तिरका, एका बाजूला मुडपलेला. एका टोकाला गवत जास्त दाट.

चनबसप्पांना दाखवलं. त्यांनी पाहिलं नाही. पाठ फिरवून फाटकाकडे गेले.

सोमवार, २४ फेब्रुवारी

कुंपणाच्या तारेपलीकडे एक बाई रोज मेंढरं घेऊन उभी असते. मला वाटायचं, चारा बघत असेल. आज मी स्वतः गेले.

तिचं नाव केराबाई. साठीची, धनगराची, खांद्यावर घोंगडं, पायात टायरच्या चपला. तिचा मुलगा मल्हार या खाणीत कामाला होता. सहा वर्षांपूर्वी एका मंगळवारी सकाळी भाकरी बांधून घेऊन गेला तो परतला नाही. कंपनीची माणसं म्हणाली, पुण्याला पळाला. बरोबर गावचा येडू होता. तोही पळाला म्हणे. तिसरा सीमेपलीकडचा ईरप्पा, त्याचीही तीच गोष्ट. ती ठाण्यात गेली तर तिथंही तेच सांगितलं. मल्हारची बायको दोन वर्षं वाट बघून माहेरी गेली.

बोलताना तिचा आवाज चढला नाही. मेंढराच्या कानातली गोचीड काढत बोलत होती.

“पळाला म्हंत्यात. चपला घरी ठिऊन कुनी पळतंय व्हय? त्यो तितं हाय, बाई. ढिगाच्या बुडाला. मला आत सोडत न्हाईत. पर तुमी जाता की रोज.”

मी त्या ओळीखाली सही केली होती.

शनिवार, १ मार्च

तिन्ही पट्ट्यांवर तरवड. गुडघ्याएवढा, फुलांनी पिवळा धमक. गवत त्याच्याखाली मरतंय. बाकीच्या अकरा चौकटींत महिन्याभरात काडीचा फरक नाही.

मला आता भीती वाटायला हवी. वाटते. पण तिच्या वर दुसरंच काहीतरी बसलंय. जेवताना दात आवळले जातात.

शुक्रवार, ७ मार्च

चनबसप्पांना आज मी सोडलं नाही. सकाळी भाकरी घेऊन आले तेव्हा हात धरून ढिगाऱ्यापर्यंत नेलं. वाटेत ते “बेडा, म्याडम, बेडा” म्हणत होते. नको, नको. तरवडापाशी ते एका दगडाला टेकले, टोपी काढली आणि बोलले. ऐकलं तसं लिहिते.

सुरुंग उडवल्यावर वरची पायरी सैल झाली होती. सगळ्यांना दिसत होतं. तरी तिघांना खाली उतरवलं. पायरी कोसळली. तिघं दगडाखाली गेले. मालकाची माणसं आली, दूर उभं राहून बघून गेली. मग डंपर आले. आणखी दगड आणून वर टाकला, दोन दिवस. त्यानंतर आठवड्यानं खाण बंद.

मी विचारलं, ते आधीच मेले होते ना.

त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. दगडावर तळवा ठेवला होता, तो तसाच. मग म्हणाले, “आवाज यायलता, म्याडम. पयल्या दिशी दुपारपतूर. मल्हार्‍याचा. पानी मागत व्हता. मी डंपरला हात दावत व्हतो, हिकडं टाका, हिकडं.”

मी त्यांना तिथंच सोडून वर आले. पायरीवर बसून राहिले. त्यांनी आणलेली भाकरी कुत्र्याला घातली.

सोमवार, १० मार्च

फोनवर इंद्रजीत ओरडले नाहीत. मी ओरडले. त्यांना माहीत होतं. सुरुवातीपासून माहीत होतं, म्हणून तर ती ओळ होती. मला समजावत होते. जुनी गोष्ट आहे, कुटुंबं आता सावरली आहेत, तू उकरून काय मिळवणार. सावरली हा शब्द वापरला त्यांनी. मी केराबाईचं नाव घेतलं तर विचारलं, कोण?

माझं काम संपलं म्हणाले. बुधवारी यंत्र येईल, ढिगारा सपाट होईल. मी गाडी पकडावी.

मी जाणार नाही.

चनबसप्पा फाटकात खुर्चीवर बसलेले दिसले. उजवा तळवा उघडून बघत होते. मध्ये राखी रंगाचं वर्तुळ. रुपयाएवढं. पुसलं तर पुसेना म्हणाले.

मी वाकून पाहिलं. ओळखलं. आणि मनात पहिला विचार आला तो असा, की बरं झालं.

बुधवार, १२ मार्च

यंत्र आलं. चालक लातूरकडचा, बिचारा काही माहीत नसलेला. त्याला मी खाली जाऊ नको म्हणून सांगितलं, त्यानं ऐकलं नाही. फावडं तरवडात घातलं आणि उचललं. तासाभरात फावड्याचं लोखंड राखी झालं. मग पिवळं. मग त्याच्या नळ्यांवरून हिरवं ओघळायला लागलं. भर उन्हात, आमच्या डोळ्यांदेखत. चालकानं उडी टाकली आणि थेट रस्त्यापर्यंत पळाला. यंत्र तिथंच आहे, ढिगाऱ्याच्या कडेला, मान वर करून.

मी हसले. खूप दिवसांनी.

शुक्रवार, १४ मार्च

चनबसप्पा सकाळी अकरा वाजता फाटकात खुर्चीवर बसलेले. हाक मारली, वळले नाहीत. जवळ गेले.

चेहऱ्यावर दगडफूल. कपाळापासून हनुवटीपर्यंत वर्तुळात वर्तुळं. डोळ्यांच्या खाचांत शेवाळ. सदऱ्याच्या गळ्यातून तरवडाची फांदी वर आलेली, तिला दोन फुलं.

कोणाला तरी कळवायला हवं होतं. त्यांच्या घरी. मी चढावर गेले नाही. त्या माणसानं पाणी मागणाऱ्या मल्हारवर दगड टाकायला हात दाखवला होता, त्याच हातापासून सुरू झालं. मला ते रास्त वाटलं. खोलीत आले, वही उघडली, तक्त्यात लिहिलं: तेरावी चौकट. दगडफूल, शेवाळ, झुडूप. सात दिवस.

हे मी लिहिलं. वाचणाऱ्यानं मला माफ करू नये.

सोमवार, १७ मार्च

तरवडाच्या मधून हिवर वर आलाय. तीन झाडं, माणसाच्या उंचीची. खोडं राखी-पांढरी.

आज दिवसभर खणलं. मोजे फाटले ते फेकून दिले. उघड्या हातांनी दगड उपसले. नखं तुटली. चार फूट खाली एक चप्पल लागली, येडूची की ईरप्पाची कोण जाणे. एकटीनं होणार नाही. माणसं हवीत. गाव हवं.

मंगळवार, १८ मार्च

इंद्रजीत आले. एकटेच, स्वतः गाडी चालवत. चनबसप्पा दिसत नाहीत म्हणाले. फाटकातल्या खुर्चीवर फुललेला तरवड त्यांनी पाहिला आणि कुंडी समजून पुढं गेले.

मला धमकावून झालं. मग फोटो काढायला ढिगाऱ्यावर चढले. हिवराची तीन झाडं बघून म्हणाले की हे फार छान आहे, हे तर पुरस्काराचं काम आहे. फोन धरलेला हात वर. दहा-पंधरा मिनिटं त्यांना कळलंच नाही की पाय उचलत नाहीयेत. बूट दगडाला चिकटले होते. मग त्यांनी मला हाक मारली. पहिल्यांदा दिपाली, मग मॅडम, मग नुसतंच बाई.

मी वीस पावलांवर उभी होते. हातातल्या खोऱ्याचा दांडा लांब होता, पोचला असता. मी उभी राहिले.

दुपारी दोनपर्यंत आवाज येत होता. पाणी मागत होते.

संध्याकाळी कल्लवाडीत गेले. देवळापुढं केराबाई, येडूचा बाप तात्याबा, त्याची सून, पन्नासेक माणसं. मी सगळं सांगितलं. डंपर सांगितले, आवाज सांगितला. तात्याबा जमिनीवर बसला. मी इतकी चांगली कधी बोलले नसेन. म्हटलं, खाणीत आता कोणी अडवणारं नाही. ती जागाच आपल्या बाजूनं उभी राहिलीय. तिनं ज्याचं त्याला दिलं. शनिवारी या, कुदळी-फावडी घेऊन सगळे या, आपली माणसं आपण काढू.

येतो म्हणाले. सगळे.

बुधवार, १९ मार्च

केराबाईला शनिवारपर्यंत दम निघाला नाही. सकाळीच आली. फाटक उघडंच. मला एक भाकरी आणि शेंगाची चटणी दिली, कांदा फोडून दिला, मी खाईपर्यंत बसून राहिली. मग विचारलं, मल्हार यातला कुठला. मी मोठ्या हिवराकडं बोट दाखवलं. खरं तर मला माहीत नव्हतं.

ती जाऊन झाडाला पाठ लावून बसली. घोंगडं मांडीवर. बोलत होती त्याच्याशी, ऐकू येईल इतक्या आवाजात. मेंढ्या कितीला विकल्या, कोण मेलं, बायको चांगली होती तिला दोष देऊ नको.

मी रडले. मग तिच्याबरोबर आलेल्या मेंढरांतल्या एकाकडं लक्ष गेलं. ढिगाऱ्याच्या कडेला तोंड घालत होतं. नाकाडावर राखी ठिपका.

हात धुताना माझ्या डाव्या अंगठ्यावर —

डाग असेल.

गुरुवार, २० मार्च

डाग नाही.

केराबाई तिथंच बसलीय. काल उठलीच नाही. मी सकाळी हाक मारली. घोंगड्यावर शेवाळ. हात मांडीवर, उघडे, दोन्हींवर वर्तुळं. ओठ थोडे हलत होते. मी ओढलं तिला. दोन्ही काखेत हात घालून ओढलं. झाडातून फांदी ओढावी तसं. आली नाही. ती माझ्याकडं बघत होती आणि तिला कळत नव्हतं की काय चाललंय. “पोरी, पाय जड झाल्यात,” एवढंच म्हणाली.

तिनं काय केलं होतं? तिनं काय केलं होतं?

मेंढरं कुठं आहेत — पाच मोजली. पाच झुडपं.

दुपारी

समजलं. मीच शिकवत होते, सात वर्षं. कोणी कोणाचा द्वेष करत नाही. दगडफुलाला खुनी आणि आई यांत फरक कळत नाही. त्याला दोघंही उघडा दगड. हे न्याय देत नव्हतं. मी त्याला न्याय म्हणाले कारण मला हवा होता. कोणी दिला नाही, ठाण्यानं नाही, सरकारनं नाही, तेव्हा मी एका दगडफुलाकडून मागितला.

राग येतोय आणि तो टाकायला जागा नाही. इंद्रजीत झाड झाले. झाडावर ओरडून काय होतं. ओरडले तरी.

शनिवारी ते येणार आहेत. मी बोलावलंय.

चारच्या सुमारास

यंत्रातलं डिझेल काढलं. खाण आणि रस्ता यांच्यामध्ये जो वाळक्या कुसळीचा माळ आहे तो पेटवला. दहा पावलं रुंद पट्टा, या काठापासून त्या काठापर्यंत. म्हणजे ते पुढं सरकणार नाही, गाव वाचेल. पट्टा पूर्ण जळला. काळा, स्वच्छ. पलीकडून चढावर जाऊन फोन करायचा होता, येऊ नका म्हणून. डावा पाय वाटेत वाकेना. परत आले. उद्या. पाय मोकळा झाला की.

शुक्रवार, २१ मार्च

मूर्ख. मूर्ख.

आग लावली की पाटी कोरी होते. गवताच्या मुळांनी धरून ठेवलेली जमीन मी उघडी करून दिली. उघडी जमीन हेच तर त्याला हवं असतं. तिथूनच सुरू होतं. पहिल्या पानावर आहे हे.

काळा पट्टा आज राखी झालाय. दाट. ढिगाऱ्यावर नव्हतं इतकं दाट. आणि रस्त्यावरून खाणीत यायचं तर सरळ वाट त्याच्यावरूनच. बाकी सगळीकडं कुसळं, काटे. माणूस मोकळ्या वाटेनंच येणार.

पायरीवर बसलेय. बसले ती बसलेच. गुडघ्याखाली काही कळत नाही. दुखत नाही. हेच वाईट, की दुखत नाही. ऊन अंगावर बरं वाटतंय. वाटू नये.

पाणी पिंपात. पिंप आठ पावलांवर.

उजवा हात चालतोय. कागदाच्या कोपऱ्यावर राखी ठिपका आहे. पान फाडलं. पुढच्यावरही.

शनिवार, २२ मार्च

सकाळ. कमरेपर्यंत.

गळ्याशी काहीतरी खुपतंय. बघत नाही.

चढावर धूळ.

आले. सगळे. पन्नासाहून जास्त. तात्याबा पुढं, खांद्यावर कुदळ. बाया पण. कुदळींवर ऊन चमकतंय. हलगी आणलीय कोणीतरी. कित्ती — किती रागात चालतायत. मी लावलेला राग. माझाच.

ओरडले. आवाज नाही. जीभ खडबडीत — दगडासारखी —

तात्याबानं मला पाहिलं. हात वर केला.

मी पण केला. थांबा म्हणून. पंजा उघडून, जेवढा वर जाईल तेवढा. त्याला वाटलं, मी बोलावतेय. मागं वळून त्यांना सांगतोय. पळत येतायत आता.

नको. वळसा घ्या. बाभळीच्या अंगानं. काट्यांतून या. काट्यांतून. पट्ट्यावर पाय —

अनवाणी आहेत. निम्मे अनवाणी —

हात खाली येत नाहीये. तो तसाच वर — त्यांना दिसतोय — ते अजून —

हलगी थांबली. पट्ट्याच्या कडेला उभे राहिले. तात्याबा खाली बघतोय. बघ. नीट बघ. मागं फिर. मागं फिर, बाबा, मागं —

त्यानं पाऊल उच